वाचकांचे प्रश्न : पसारा आवरायचा, पण खेळत

अडीच ते सहा वर्षांच्या मुलांचा पसारा आणि त्यावरून घरात होणारी वादावादी, हा या वेळच्या पत्रांचा विषय. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. डोंबिवलीत वन बीएचके. संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. ‘आवर’ म्हटलं की तो सगळं एका मोठ्या टोपलीत कोंबतो, नाहीतर जमिनीवर आडवा होतो. खेळत खेळत शिकवा असं सगळेच सांगतात, पण सुरुवात कुठून करायची?

सुरुवात खेळापासून करू नका, जागेपासून करा. मुलानं टोपलीत कोंबलं म्हणजे तुम्ही सांगितलेलंच केलं. सगळ्या खेळण्यांची जागा ती एकच टोपली असेल, तर त्याहून वेगळं तो काय करणार? शिवाय खोल टोपलीत तळाशी गेलेली गाडी हवी असली की ती पालथी करण्यावाचून इलाज नसतो. निम्मा पसारा खेळण्यातून होतच नाही, शोधण्यातून होतो.

एका सुट्टीच्या दिवशी सगळी खेळणी जमिनीवर काढा आणि तीन ढीग करा. रोज हातात असणारी एकीकडे, कधीमधी आठवणारी दुसरीकडे, मोडकी किंवा भाग हरवलेली तिसरीकडे. पहिल्या ढिगातले 8 ते 10 संच बाहेर राहतील. दुसरा ढीग पिशवीत बांधून माळ्यावर किंवा दिवाणात. दर पंधरवड्याला दोन-तीन खेळणी बदला, पण एक वर गेल्याशिवाय दुसरं खाली येणार नाही, हा नियम मोठ्यांनीच पाळायचा आहे. (आत्या-मामांनी आणलेली भेटही याला अपवाद नाही.) तिसऱ्या ढिगातलं मात्र मुलाला दाखवल्याशिवाय फेकू नका. तीन चाकांची गाडी तुमच्या लेखी मोडकी असते, त्याच्या लेखी ती अपघात झालेली गाडी असते.

खेळणी कमी केली तर मूल कंटाळेल, ही भीती बहुतेकांना वाटते. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी देऊन पाहिली. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारे खेळली.

आता डबे. उंची 12 ते 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. वरून पाहिल्यावर तळ दिसला पाहिजे. बुटांचे खोके, श्रीखंडाचे मोठे डबे, भाजीच्या उथळ पाट्या, काहीही चालेल. झाकण शक्यतो नको, कारण घट्ट झाकण लावणं हे साडेतीन वर्षांच्या बोटांना वेगळं काम होऊन बसतं आणि आवरणं तिथेच अडतं. फळी मुलाच्या खांद्याच्या वर नको; या वयात ती साधारण 70 सेंटिमीटरवर येते. डब्याच्या दर्शनी बाजूला आतल्या वस्तूंचा मोबाइलवर काढलेला फोटो छापून चिकटवा आणि वरून रुंद सेलोटेप लावा. बाजारातली कार्टूनची लेबलं टाळा. कार्टूनमधला ठोकळा आणि घरातला ठोकळा एकच, हे समजायला लहान मुलाला एक पायरी जास्त चढावी लागते.

गट पाच-सहाच करा : ठोकळे, गाड्या, प्राणी, भातुकली, चित्रकलेचं सामान, पुस्तकं. रानटी प्राणी वेगळे, पाळीव वेगळे असली बारीक विभागणी हौशी पालक करतात आणि ती आठवडाभरही टिकत नाही. शिवाय नियम मध्येच बदलू नका. मानसशास्त्रात पत्त्यांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. तीन वर्षांच्या मुलांना आधी रंगाप्रमाणे पत्ते लावायला सांगतात, ते जमतं. मग ‘आता आकाराप्रमाणे लाव’ म्हटलं की बरीचशी मुलं रंगाप्रमाणेच लावत राहतात. नवा नियम त्यांना तोंडपाठ असतो, हात मात्र जुन्या नियमानं चालतात. चार-पाच वर्षांपर्यंत हे सुटतं. काल बाबांनी गाड्या रंगावर लावायला सांगितल्या आणि आज आई लहान-मोठ्या वेगळ्या करायला सांगतेय, असं झालं की मूल ‘ऐकत नाही’ असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा गोंधळ झालेला असतो.

एवढं झाल्यावर शिकवणं, आणि तेही शेवटून. पहिल्या दिवशी ठोकळ्यांचा फक्त एकच डबा. तुम्ही सगळे ठोकळे भरा, शेवटचे तीन त्याच्यासाठी ठेवा. ते त्यानं टाकले की डबा फळीवर ठेवायचा मान त्याचा. दुसऱ्या दिवशी पाच, मग दहा. अशानं काम संपल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याच्या वाट्याला येतो. उलट क्रमानं, म्हणजे ‘तू सुरू कर, मी आलेच’ म्हणत गेलात, तर कंटाळा त्याच्या वाट्याला आणि समाधान तुमच्या.

‘पसारा आवर’ हे वाक्य काही काळ घरातून हद्दपार करा. त्यात नेमकं काय करायचं ते कुठेच नाही. ‘गाड्या या डब्यात’ हे कळतं. वेळ निवडताना जेवणाआधी किंवा खाली खेळायला जाण्याआधीची निवडा. रात्री साडेनऊला पेंगुळलेलं मूल आडवंच होणार. या वयात आवरणं तीन ते पाच मिनिटांत संपलं पाहिजे. संपत नसेल तर बाहेर खेळणी जास्त आहेत.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीसोबत ‘कोण लवकर आवरतं’ असा खेळ सुरू केला. दोन दिवस मजेत गेले. आता ती खेळणी लांबूनच फेकते, वर ‘मीच जिंकले’ म्हणून नाचते. दुसरे काही खेळ सुचवाल का? – लातूर

शर्यतीत वेग जिंकतो, नीटनेटकेपणा नाही. तिनं खेळाचा नियम अचूक ओळखला आहे! शर्यत हवीच असेल तर ती माणसाशी नको. एखादं बडबडगीत लावा आणि ते संपायच्या आत डबा फळीवर, एवढंच.

चांगल्या खेळात वस्तू नीट ठेवणं हीच चाल असते. काही देतो.

पार्किंग : फरशीवर किंवा फळीवर रंगीत इन्शुलेशन टेपनं 10 बाय 15 सेंटिमीटरचे चौकोन आखा, जेवढ्या गाड्या तेवढे. गाडी रेषेला न लागता आत आली पाहिजे. रेषेवर आली की शिट्टी, गाडी मागे, पुन्हा वळण. इथे फेकून जमतच नाही. रिकामा चौकोन दिसला की हरवलेली गाडी शोधायला मुलं स्वतःच सोफ्याखाली शिरतात. टेप महिन्याभरात काढून पुन्हा लावा, नाहीतर फरशीवर चिकट डाग राहतात.

फासा : पुठ्ठ्याचा किंवा लाकडी मोठा फासा घ्या. सहा बाजूंवर 1, 2, 3 हेच आकडे दोन-दोनदा. जेवढे पडतील तेवढ्या वस्तू जागेवर. चार वर्षांच्या मुलाला सहापर्यंत आकडे दिले तर पाचवी वस्तू उचलेपर्यंत मोजणी विसरते आणि खेळ रेंगाळतो. पाच वर्षांपुढे नेहमीचा फासा चालतो, सोबत रंगांचा दुसरा : ‘चार, हिरव्या!’

पोस्टमन : खांद्याला कापडी पिशवी. हॉलमध्ये सापडलेल्या परक्या वस्तू म्हणजे टपाल. कंगवा बेडरूमला, वाटी स्वयंपाकघराला. एका फेरीत तीनच वस्तू. पिशवी भरली की मूल वाटेतच ती ओतून खेळायला बसतं.

शिवाजी म्हणतो : हा सगळ्यांना येतो. ‘शिवाजी म्हणतो, वाघ गुहेत!’ म्हटलं तरच वाघ प्राण्यांच्या डब्यात. नुसतं ‘वाघ गुहेत’ म्हटलं तर हात जागच्या जागी. ऐकून थांबण्याचा सराव यात फुकट होतो. साधारण चारच्या पुढेच जमतो, त्याआधी मुलं प्रत्येक हुकमाला धावतात. धावू द्या, वाघ गुहेत गेल्याशी कारण.

आणि आमच्या मते सगळ्यांत कामाचा, ‘घर चुकलं कोण?’ सगळं आवरून झाल्यावर मुलीनं डोळे झाकायचे. तुम्ही एकच वस्तू चुकीच्या डब्यात ठेवा, भातुकलीच्या कपबश्यांत एक गाडी. तिनं शोधून ती घरी पोचवायची. मग तिनं चुकवायची, तुम्ही शोधायची. सुरुवातीला वस्तू अर्धी बाहेर दिसेल अशी ठेवा. कुठली वस्तू कुठे असते याचा नकाशा मुलाच्या डोक्यात या खेळानं जितका पक्का बसतो, तितका दहा वेळा सांगून बसत नाही.

दोन धोके ध्यानात ठेवा. एक, खेळ आवडला की आवरलेलं पुन्हा ओतून ‘परत खेळू’ सुरू होतं. म्हणून शेवट ठरलेला हवा : फळीवर ओढणीचा पडदा टाकायचा, ‘दुकान बंद’. दोन, कुठलाही खेळ दोन-तीन आठवड्यांत शिळा होतो. तेव्हा खेळ बदला, पण डब्यांच्या जागा बदलू नका.

प्रश्न : मी आजी. नातवानं खेळणी आवरली की त्याला एक चॉकलेट देत असे. आता तो आधी विचारतो, ‘आजी, किती देशील?’ सून माझ्यावर नाराज आहे. काय करू? – सांगली

आजी, तुम्ही केलं ते जवळपास प्रत्येक घरात होतं, तेव्हा सुनेनंही फार मनावर घेऊ नये. पण चॉकलेट बंद करायला हवं, हे तिचं बरोबर आहे.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत झालेला एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. चित्र काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्र काढू लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांचं असं झालं नाही. म्हणजे बिघाड आधी ठरवलेल्या सौद्यात होता. 2008 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी वीस महिन्यांच्या बाळांत असंच पाहिलं : मदतीबद्दल खेळणं मिळालेली बाळं पुढे आपणहून कमी मदत करू लागली. आता डबे भरणं हे चित्र काढण्याइतकं आवडीचं काम नाही, हे खरं. पण लहान मुलांना मोठ्यांसोबत हात चालवायची ओढ मुळातच असते आणि सौदा झाला की ती मागे पडते.

सोडवायचं असं. एका दिवशी शांतपणे सांगा, ‘आजपासून खाऊ चार वाजता, आवरलं तरी आणि नाही आवरलं तरी.’ खाऊ आणि आवरणं यांची वेळ एकमेकांपासून लांब न्या. आवरल्यानंतर रोज जे होणारच आहे ते जोडा : डबे फळीवर, मग गोष्ट. तो ‘किती देशील’ म्हणेल, हट्टही करेल. पहिले चार-पाच दिवस जड जातील. मध्येच एकदा चॉकलेट दिलंत तर हट्ट करून मिळतं हे तो शिकेल, आणि मग पुढचा हट्ट दुप्पट. कौतुक जरूर करा, पण ‘शहाणं माझं बाळ’ ऐवजी ‘सगळ्या पेनांची टोपणं लावलीस की रे’ असं पाहिलेलं सांगा.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. 25 मुलं, एक खोली, एक लोखंडी पेटी. साहित्य थोडंच, तेही हरवतं. घरी जायच्या वेळी आवरायला घेतलं की आया दारात उभ्या असतात आणि सगळं मदतनीसताईंवर पडतं. – नंदुरबार जिल्हा

आधी वेळ बदला. आवरणं सुटताना नको, आहाराआधी घ्या. तेव्हा सगळी मुलं हजर असतात, खोली मोकळी करायचं खरं कारण असतं आणि पुढे जेवण असल्यानं मुलांनाही घाई असते. सुटताना मग फक्त दप्तर आणि चपला उरतात.

पंचवीस जणांनी एकदम आवरायचं म्हणजे दहा जणांनी करायचं, पंधरा जणांनी ढकलाढकली. पाचाचे पाच गट करा. गटाला अक्षर किंवा आकडा नको, चित्र द्या : मासा, मोर, आंबा, पाऊस, बैल. तेच चित्र त्या गटाच्या साहित्याच्या पाटीवर (उथळ टोपलीवर) खडूनं किंवा ऑइलपेंटनं. एका गटाकडे एक पाटी, आठवडाभर तीच. रोज बदललीत तर रोज शिकवावं लागेल. थाळीवर तीन टोले पडले की हात डोक्यावर, मग काम. टोल्यांनंतर लगेच सूचना देऊ नका. सगळे हात वर जाईपर्यंत थांबा.

बिया, चिंचोके यांच्यासाठी अंड्यांचा 30 खळ्यांचा ट्रे मागून घ्या. एका खळ्यात एक चिंचोका. खळं रिकामं दिसलं की किती हरवले ते मोजायलाच नको, आणि शोध आपोआप सुरू होतो. शिवाय सहाच्या पाच रांगा रोज डोळ्यांखालून जातात, तो फायदा वेगळाच. हे काम साडेचार वर्षांपुढच्या मुलांनाच द्या. लहान मुलं बिया नाकात घालतात. पेटीच्या तळाशी पुठ्ठा घालून त्यावर पाट्यांचे आकार गिरवा, म्हणजे कुठली पाटी कुठे बसते हे मुलांनाही दिसेल.

सतरंजी चौघांची. चार कोपरे, चार मुलं. दोघं उभी, दोघं कोपरे घेऊन त्यांच्याकडे चालत येणार. ‘मी चालते, तू थांब’ हे आधी एका रुमालावर करून दाखवा. दाखवलं नाहीत तर चौघं चार दिशांना ओढतात.

कामाला साहित्य मिळत नाही ही तक्रार खरी आहे. पण याच प्रकारचं काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसोबत केलं, ते बिया, पानं, शंख-शिंपले अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच. पानाफुलांचं साहित्य संपतं, वाळतं, पुन्हा गोळा करता येतं. हरवलं म्हणून कुणाला रागवावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची. खेळणी आवरते, पण चपला, कपडे, सांडलेलं याला हातही लावत नाही. – पुणे

तिला कसं करायचं ते तुकड्यातुकड्यानं कुणी दाखवलेलं नसावं. मोठ्यांचे हात इतके भरभर चालतात की मुलाला घडी दिसतच नाही, घडी झालेली दिसते.

चपला : एक गोल स्टिकर मधोमध कापा. डावा अर्धा डाव्या चपलेच्या तळव्यावर आतल्या कडेला, उजवा उजवीत. जोडी नीट शेजारी ठेवली की चित्र पुरं होतं. दाराशी पुठ्ठ्यावर तिच्या चपलांची बाह्यरेषा गिरवून ठेवा. पाय वाढले की नवी.

घडी : 30 सेंटिमीटरचा सुती चौकोनी रुमाल घ्या आणि मधोमध रंगीत दोऱ्यानं धावदोरा घाला. दोरा म्हणजे घडीची रेघ. खालचे दोन कोपरे चिमटीत धरायचे, वरच्या कोपऱ्यांवर टेकवायचे, मग तळव्यानं दोऱ्यावरून डावीकडून उजवीकडे दाबत जायचं. दाखवताना बोलू नका. एकाच वेळी ऐकणं आणि पाहणं जमत नाही. हा जमला की दोन रेघांचा, मग चड्डी, मग फ्रॉक. मोठा टॉवेल आधी देऊ नका, हात पुरत नाहीत आणि ‘मला नाही येत’ हे वाक्य पक्कं होतं.

केर : फरशीवर खडूनं 30 सेंटिमीटरचा चौकोन काढा, आसपास कागदाचे कपटे टाका. छोट्या केरसुणीनं सगळे कपटे चौकोनात आणायचे, मग सुपलीत. चौकोन नसेल तर मूल केर पुढे ढकलत घरभर फिरतं, कारण कुठे थांबायचं हे त्याला दिसत नाही. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीच्या बालवाड्यांत घडी आणि केर ही अशीच, शिकवायच्या वस्तू म्हणून मांडलेली असतात. घरकाम म्हणून नव्हे.

तिनं केलेली वाकडी घडी तिच्यासमोर उलगडून नीट करू नका. कपाट वाकडं दिसेल तर दिसू दे.

प्रश्न : थोरला पाच, धाकटी दोन. रोजचं भांडण : ‘हा पसारा मी नाही केला.’ – कोल्हापूर

कुणी केला याचा निवाडा करायला बसूच नका, कधीच संपत नाही. काम पसाऱ्यावरून नको, वयावरून वाटा. दोन वर्षांच्या मुलीला ‘टाकणं’ जमतं : वस्तू हातात द्या, ती डब्यात टाकेल आणि टाळ्या वाजवेल. थोरल्याला ‘जुळवणं’ द्या : जिगसॉचे तुकडे, पेनांची टोपणं. प्रत्येक जिगसॉच्या तुकड्यांमागे एकच खूण करून ठेवा, एकाला चांदणी, दुसऱ्याला त्रिकोण. तीन चित्रं एकत्र झाली तरी पाच मिनिटांत सुटी होतात. थोरल्याचं बारीक सामान धाकटीच्या हाताबाहेर ठेवायची सोय मात्र तुम्ही करायची.

प्रश्न : ठोकळ्यांचा किल्ला मोडायला मुलगा तयार नसतो. मोडायलाच लावावं का?

नाही. एक जुना पाट किंवा मोठा ट्रे ‘चालू काम’ म्हणून द्या. त्यावर मावेल ते उद्यापर्यंत राहील, बाहेरचं डब्यात. नवं बांधायचं असेल तर जुन्याचा फोटो काढून मोडायचं. पाट एकच.

प्रश्न : खेळणी जुन्या ट्रंकेत ठेवली तर चालतील?

झाकण काढून चालतील. पत्र्याचं जड झाकण बोटांवर आणि वाकलेल्या मानेवर पडतं, आणि लपाछपीत मूल आत शिरलं तर हवा मिळत नाही. फळ्यांचं कपाट भिंतीला स्क्रूनं पक्कं करा; मुलं फळ्यांवर पाय देऊन चढतातच.

आवरताना बारीक वस्तू बाजूला काढा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची तपासणी करताना 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात; तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते. घरी टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीनं अंदाज घ्या. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूनं होते. नवं खेळणं घेताना आयएसआय खूण पाहा. 1 जानेवारी 2021 पासून ती भारतात सक्तीची आहे. आवाजाच्या खेळण्यातली बटणासारखी बॅटरी स्क्रूच्या झाकणाआड आहे ना, हे दर पंधरवड्याला खेळणी बदलताना तपासा. ती गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. गिळल्याचा नुसता संशय असला तरी उलटी काढायच्या फंदात न पडता, एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय लगेच गाठा.